उलटायचं राहून गेलेलं पान

"समोर एक जण बसलाय, मघापासून सारखा माझ्याकडे बघतोय," रुचितानं फोनवर आईला सांगितलं. आवाज हळू करायची तिला गरज वाटली नाही. "नाही गं, त्याला कुठं मराठी कळतंय..."

कंपनीची क्वालिस गाडी दिल्लीत धौला कुआंच्या पुढं धुक्यात अडकली होती. जानेवारीतली सकाळ. दहा वाजून गेले तरी पुढच्या ट्रकचे नुसते दोन लाल दिवे दिसत होते. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर ती दोघंच होती.

समोरचा माणूस किंचित पुढं झुकला.

"क्षमा करा," तो म्हणाला. "मी आपल्याकडे पाहत नाही. आपल्यामागची काच उघडी आहे. मला थंडी वाजते."

रुचितानं फोन कानापासून खाली घेतला. पलीकडून आईचं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. तिनं मान वळवून काच सरकवली आणि मग बराच वेळ त्या बंद काचेतून बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"आपण मराठी कुठं शिकलात?" शेवटी तिला राहवलं नाही.

"शाळेत. आणि आजीकडे."

"पुण्याला?"

"मॉरिशसला."

त्याचं नाव विलास दामू. गुडगावच्या उद्योग विहारमधल्या ज्या काचेच्या इमारतीत रुचिता दोन महिन्यांपूर्वी कर्मचारी विभागात लागली होती, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो फ्रान्समधल्या लोकांचे फोन घ्यायचा. लियोंमधल्या कुठल्याशा बाईचं वॉशिंग मशीन बंद पडलं की इथं विलासचा फोन वाजायचा. फोनवर त्याचं नाव व्हिन्सेंट असे. त्याच्यासह असे अकरा जण कंपनीनं घेतले होते, सगळे मॉरिशसचे.

रुचिता मोघे दिल्लीतच जन्मली आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली. वडील, भाऊसाहेब, एका मंत्रालयात होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तिच्या मराठीत मधूनमधून 'अच्छा' आणि 'बिल्कुल' यायचे ते तिला कळायचेही नाहीत. आणि हा माणूस, जो आयुष्यात कधी महाराष्ट्रात गेला नव्हता, तो 'क्षमा करा' म्हणत होता.

त्यानंतर गाडीतली तिची जागा ठरून गेली. काच बंद करूनच ती बसायची.

*

त्याच आठवड्यात पाऊस आला. दिल्लीच्या थंडीतला तो बारीक, हाडं गारठवणारा पाऊस. गाडीतून उतरून दोघं फाटकाशी आली आणि सर चांगलीच वाढली.

"या, वळचणीला उभ्या राहा," विलास म्हणाला.

"कुठं?"

"वळचणीला." त्यानं चौकीदाराच्या खोलीच्या पुढं आलेल्या पत्र्याकडे हात केला.

"अच्छा... छज्जा." ती आत सरकली. "हे वळचण मी पहिल्यांदाच ऐकतेय."

"आजी म्हणायची. आमच्याकडे कोंबड्या वळचणीला बसायच्या."

"म्हणजे मी कोंबडी?"

तो गांगरला. "नाही, नाही... आपण..." आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला समजलं, आणि तो हसला. खूप कमी हसायचा तो. पण हसला की डोळे आधी हसायचे, ओठ मागून. पत्र्यावरून पाण्याची धार दोघांच्या पुढ्यात पडत होती. तिचा स्वेटर त्याच्या बाहीला लागत होता. दोघांपैकी कुणीही बाजूला सरकलं नाही.

"मला 'आपण' नका म्हणू," रुचिता म्हणाली. "भाषण ऐकल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"तुम्ही म्हणा. सध्या."

त्या 'सध्या'कडे त्यानं लक्ष दिलं की नाही, तिला कळलं नाही.

*

फेब्रुवारीत कंपनीनं ठरवलं की परदेशी कर्मचाऱ्यांना वेगळं ओळखपत्र द्यायचं. लाल पट्टीचं, त्यावर पासपोर्टचा आणि व्हिसाचा तपशील. प्रत्येकाचा पासपोर्ट नीट तपासायचा, फोटो काढायचा आणि कार्डावर सही करायची, हे काम रुचिताकडे आलं.

विलास सगळ्यांच्या शेवटी आला. तिनं त्याला पांढऱ्या भिंतीपुढं उभं केलं.

"हलू नका."

"आमच्या घरात हे नवं नाही," तो न हलता म्हणाला. "माझा खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेला, तेव्हा गोऱ्यांनी त्याचाही असाच फोटो काढला होता. नंबर घातलेला परवाना. तो खिशात नसला आणि शिपायानं पकडलं, तर कोठडी."

तिनं कॅमेरा खाली घेतला. "आणि दामू? हे आडनाव कसं?"

"कारकुनानं विचारलं, नाव काय. तो म्हणाला, दामू. पुढचं कुणी विचारलंच नाही. माझं आडनाव म्हणजे त्या कारकुनाची घाई."

"गाव कुठलं?"

"वेंगुर्ल्याच्या बाजूचं. कागदावर जे लिहिलंय ते नीट वाचता येत नाही. शिमग्याला रजा काढून जाणार आहे मी. शोधीन." मग थोडं थांबून तो म्हणाला, "भारतीय वंशाच्या लोकांना सरकार एक कार्ड देतं ना, व्हिसाची गरज पडत नाही? मी विचारलं होतं. पणजोबापर्यंतच चालतं म्हणाले. माझा खापरपणजोबा. एका पिढीनं हुकलं."

रुचितानं पासपोर्ट उघडला. पहिलं पान, फोटो, नाव, जन्मतारीख. "व्हिसा कधीपर्यंत आहे?" तिनं विचारलं. "ऑगस्ट," तो म्हणाला. तिनं 'ऑगस्ट' लिहिलं. कार्डावर सही केली आणि पासपोर्ट मिटून त्याच्या हातात दिला. देताना बोटं बोटांना लागली, आणि तिला उगाचच खोली गरम वाटायला लागली.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं पत्रक आलं. नोकरीवर ठेवलेल्या प्रत्येक परदेशी माणसाच्या व्हिसाची प्रत आणि कंपनीचा दाखला पंधरा दिवसांत पाठवायचा होता.

रुचिता अकरा पासपोर्ट घेऊन झेरॉक्स मशीनपाशी उभी राहिली. दहा झाले. अकराव्याचं व्हिसाचं पान तिनं काचेवर पालथं ठेवलं, प्रत बाहेर आली, आणि ती वाचता वाचता तिचा हात थांबला.

व्हिसावर कंपनीचं नाव वेगळं होतं. नोएडातली कुठलीतरी कंपनी.

नोकरीचा व्हिसा ज्या कंपनीच्या नावानं मिळतो, तिथंच काम करता येतं. कंपनी बदलायची तर मायदेशी परत जायचं आणि नव्यानं अर्ज करायचा. हे तिला पाठ होतं. माणूस ठेवण्याआधी हे बघणं कंपनीचं काम. जुन्या अधिकाऱ्यानं विलासला घेताना ते बघितलं नव्हतं. तो अधिकारी सोडून गेला होता. पण कार्ड देताना ते तिनंही बघितलं नव्हतं. कार्डावर सही तिची होती.

तिचे वरिष्ठ दहिया हरयाणाचे. आवाज मोठा, पण माणूस एरवी वाईट नव्हता. त्यांनी प्रत हातात घेतली, दार लावलं.

"देखो रुचिता, नोएडावाली कंपनी तो बंद हो चुकी है. एक चिट्ठी बना दो कि उन्होंने लड़के को काम के लिए हमारे यहाँ भेजा था. पिछले अगस्त की तारीख़ डाल दो. कौन पूछने जाएगा?"

"सर, वो तो झूठ होगा."

"और सच क्या होगा? लड़का वापस जाएगा, कंपनी को नोटिस आएगा, और कार्ड पर साइन किसके हैं? तुम्हारे. मैं तुम्हारे भले की कह रहा हूँ. शुक्रवार तक बना दो."

त्या संध्याकाळी जेवताना तिनं भाऊसाहेबांना विचारलं, "बाबा, समजा एखाद्यानं एक कागद नीट तपासला नाही..."

"तो एखादा म्हणजे तू?"

"...हो."

"आणि कागद कुणाचा?"

रुचिता ताटात बघत राहिली. आई वाढता वाढता थांबली. ती लेकीला ओळखून होती. मग रुचितानं विलासच्या व्हिसाचं आणि दहियांच्या चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं.

भाऊसाहेब सावकाश बोलले. "चूक झाली तर ती लिहून द्यावी. बोलणी बसतात, कधी नोकरीवर येतं, पण तिथं ते संपतं. खोटा कागद एकदा फायलीत गेला ना, की मग तो आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं. मी बघितलीत तशी माणसं." आणि पाणी पिऊन म्हणाले, "त्या मुलाला विचारलंस का? त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ठरवताय तुम्ही दोघं ऑफिसवाले."

*

इमारतीच्या मागं चहाची टपरी होती, तिच्यावर एक मोठं झाड. पान एकही नव्हतं, नुसती लाल, जाड पाकळ्यांची फुलं. मधूनच एखादं फूल धप्पकन खाली पडायचं.

"सेमल," रुचिता म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"सावर," विलास म्हणाला. "पुस्तकात चित्र होतं. खरी पहिल्यांदा पाहतोय." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

तिनं सगळं सांगितलं. पत्रक, पान, दहियांची चिठ्ठी. तो चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत होता. ग्लासातली वाफ संपली तरी प्याला नाही.

"नोकरी लागताना मी व्हिसाचं विचारलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, आम्ही बघून घेऊ. मी लेखी घ्यायला पाहिजे होतं."

"बघायचं काम आमचं होतं."

"ती चिठ्ठी दिली तर?"

"तर ऑगस्टपर्यंत राहाल. कुणी तपासलं नाही तर."

"आणि तपासलं तर?"

"तर कदाचित परत कधीच येता येणार नाही. आणि मी..." तिनं खांदे उडवले. "सही माझी."

त्यानं ग्लास खाली ठेवला.

"बाकी दहा जणांचं पान उलटलंत ना, कार्ड देताना?"

"उलटलं."

"मग माझंच कसं राहिलं?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रात्रभर तिनं त्याचं उत्तर शोधलं होतं. काम खूप होतं, उशीर झाला होता, असलं काहीतरी. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही बोलत होतात," ती म्हणाली. "आणि मी... तुमच्याकडे बघत होते. पासपोर्टकडे नाही."

एक फूल दोघांच्या मधे पडलं. विलासनं ते उचललं, पण तिला दिलं नाही. नुसतं तळहातावर धरून राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"सोमवारी जाऊ," तो म्हणाला.

"कुठं?"

"नोंदणीच्या कार्यालयात. खरं सांगायला. तुमची सही खोट्या कागदावर नको."

"आणि तुमचं गाव? शिमगा?"

"इतकी वर्षं थांबलंय ते गाव," तो म्हणाला. "आणखी थोडं थांबेल." हे तो सहज म्हणाला, पण त्यानंतर त्यानं मान दुसरीकडे वळवली.

*

दहियांनी कंपनीचा छापील कागद द्यायला नकार दिला. रुचितानं साध्या कागदावर लिहिलं. विलास दामू यांनी नोकरीला लागताना व्हिसा दाखवला होता. तो तपासण्याची जबाबदारी कंपनीची होती. ओळखपत्र देताना खाली सही करणारीनं तो तपासला नाही. खाली सही केली. दुसऱ्या कागदावर राजीनामा लिहिला. तो दहियांनी वाचला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "पागल हो तुम." पण थांबवलं नाही.

नोंदणी कार्यालयात लाकडी बाकं होती. एक नायजेरियन विद्यार्थी, दोन जपानी, कडेवर मूल घेतलेली एक अफगाण बाई. विलास पासपोर्ट मांडीवर ठेवून ताठ बसला होता. अडीच तासांनी बोलावणं आलं. टेबलामागचे इन्स्पेक्टर वयस्क होते. त्यांनी रुचिताचा कागद दोनदा वाचला.

"ये आपने अपने ही ख़िलाफ़ लिखा है?"

"जो हुआ, वही लिखा है."

त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग विलासकडे पाहिलं. मग पासपोर्ट चाळला, रजिस्टर मागवलं, कुणाला तरी फोन केला. शेवटी म्हणाले की आपणहून आला आहात, म्हणून पासपोर्टवर वाईट शेरा पडणार नाही. सात दिवसांत देश सोडा. तिकडून नवा अर्ज करा, मिळेल की नाही ते तिथला दूतावास बघेल. कंपनीला नोटीस जाईल.

शिक्का मारता मारता ते सहज बोलून गेले, "किसी इंडियन लड़की से शादी कर लो बेटा. कार्ड बन जाएगा, सारा झंझट ख़त्म."

रुचितानं विलासकडे बघितलं नाही. विलासनंही तिच्याकडे बघितलं नाही. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तो पानावर फुंकर घालत राहिला.

*

ते सात दिवस विचित्र गेले. दोघांनाही आता नोकरी नव्हती. रोज ती दोघं भेटत. लोधी बागेत चालत. तो तिला आजीचे शब्द सांगायचा, ती त्याला दिल्लीतलं हिंदी शिकवायची. एका दुपारी आईनं त्याला जेवायला बोलावलं. तिनं केलेली सोलकढी त्यानं दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा मागायला लाजला, तेव्हा तिनं न विचारता वाटी भरली.

पण जे ऐकायला रुचिता रोज घरून निघायची, ते तो बोलत नव्हता. जिभेवर यायचं, दिसायचं तिला, आणि तो गिळून टाकायचा. सहाव्या दिवशी ती घरी येऊन रडली. तिला वाटलं, झाडाखाली आपण जे बोललो ते त्याला जड झालं असेल.

शेवटच्या दिवशी, भर दुपारी, क्वार्टरच्या जिन्याखाली तो निरोप घ्यायला आला. विमान त्याच रात्रीचं होतं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"निघतो," तो म्हणाला.

"एवढंच?"

त्यानं खिशातला पासपोर्ट चाचपला.

"तुम्हाला काही बोलायचं होतं. सात दिवस बघतेय मी."

त्यानं कठड्यावर हात ठेवला. "त्या साहेबांनी ते बोलायला नको होतं," तो म्हणाला. "कारण मी तेच बोलणार होतो. त्याच दिवशी, बाहेर आल्यावर. आता बोललो, तर ते कार्डासाठी बोलल्यासारखं होईल. तुम्ही म्हणाल, नाही, तसं नाही. पण कधीतरी, दहा वर्षांनी, भांडण झालं तर... तुमच्या मनात येईल. तुमच्या नाही आलं, तर माझ्या येईल."

रुचिता शेवटच्या पायरीवर बसली.

"मी परत येईन. माझ्या कामावर, माझ्या व्हिसावर. मग विचारीन. तोपर्यंत तुम्ही मोकळ्या आहात."

"झालं बोलून?" तिनं विचारलं. "मग माझं ऐक. मोकळी आहे की नाही ते मी ठरवणार. तू मला आवडतोस, विलास. कोंबडी म्हणालास त्या दिवसापासून. हे मी कुठल्याही कागदावर लिहून सही करून देईन, आणि या वेळी तपासून."

तिनं त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याला ते ऐकू आलं, आणि त्याचे डोळे भरले. तिच्या हातावर त्यानं हात ठेवला, क्षणभरच. मग तो गेला. वळणावर थांबेल असं तिला वाटलं, पण तो थांबला नाही. भरभर चालत राहिला, जसा कुणी स्वतःवर विश्वास नसलेला माणूस चालतो.

*

व्हिसा मिळायला नऊ महिने लागले. एकदा अर्ज परत आला, एका कागदावर शिक्का राहिला होता म्हणून. रुचितानं मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथं जपानी इंजिनीअर होते. मुलाखतीत तिनं आधीची नोकरी का सोडली ते जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यांनी तिच्याकडे परदेशी कर्मचाऱ्यांच्या कागदांचंच काम दिलं. रविवारी सकाळी मॉरिशसहून फोन यायचा. त्यात लग्नाचा विषय कधीच निघाला नाही. आईला ते चमत्कारिक वाटायचं. भाऊसाहेबांना मात्र वाटायचं नाही.

डिसेंबरात विलास आला. फरीदाबादच्या एका शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी त्याला मिळाली होती. शाळेची खोली एक तारखेला मिळणार होती, तोवर चार दिवस इथंच राहायचं, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं.

पहिल्याच सकाळी भाऊसाहेब पोलीस ठाण्यातून एक फॉर्म घेऊन आले. परदेशी पाहुणा घरात ठेवला, तर कळवायला हवं.

"अहो, आता घरातल्या घरात कशाला?" आई म्हणाली.

"नियम आहे."

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. विलासनं पासपोर्ट पुढं केला. भाऊसाहेबांनी एकेक पान उलटून पाहिलं, व्हिसावरचं शाळेचं नाव बोट ठेवून वाचलं आणि पेन उघडलं. नाव. राष्ट्रीयत्व. कुठून आला. किती दिवस राहणार. मग पेन थांबलं.

"पाहुण्याशी नातं," त्यांनी वाचलं. "इथं काय लिहू?"

विचारलं त्यांनी कुणालाच नव्हतं. रुचिता खिडकीपाशी उभी होती. विलास खुर्चीवरून उठला. तो बाबांशी बोलेल असं तिला वाटलं, पण तो तिच्याकडे वळला.

"रुचिता," तो म्हणाला. "माझ्याकडे नोकरी आहे. व्हिसा आहे. उद्या नोंदणी होईल. मला कार्ड नको. मला तू... लग्न करशील माझ्याशी?"

नऊ महिन्यांत तिनं या क्षणासाठी कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. तिनं नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला इथून दिसत नाही."

"हो," रुचिता म्हणाली.

भाऊसाहेबांनी खाली वाकून रकान्यात लिहिलं, 'जावई'. लिहून झाल्यावर ते थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मग चौतीस वर्षांच्या नोकरीची सवय, त्यांनी त्याच्याआधी एक खूण करून वर बारीक अक्षरात 'नियोजित' घातलं, आणि दुरुस्तीपाशी आपली सही केली.